‘रुग्ण दगावण्याची शक्यता’ की ‘मृत्यूच्या जोखमीचे पूर्वानुमान’?

उलटभाषांतर
मंडळी, एका वाक्यावर अडले आहे. पुण्यातल्या एका रुग्णालयासाठी नातेवाइकांना द्यायच्या माहितीपत्रकाचं मराठी करते आहे. रुग्ण पासष्टीच्या पुढचा आहे आणि पोटाचं ऑपरेशन रातोरात करावं लागणार आहे. आतडं फुटलंय, आतड्याला पीळ पडलाय किंवा हर्निया अडकून आतडं काळं पडलंय. अशा वेळी ऑपरेशननंतर ३० दिवसांच्या आत रुग्ण जाण्याची शक्यता किती, हे डॉक्टर आधी आकड्यात काढतात आणि घरच्यांना सांगतात. मी लिहिलं होतं: ‘तपासणी आणि रक्ताचे रिपोर्ट पाहता ऑपरेशननंतर ३० दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता शंभरात अमुक इतकी आहे, असा अंदाज आहे.’

तपासणाऱ्या समितीतल्या एका सदस्यांनी ते खोडून ‘मृत्यूच्या जोखमीचे पूर्वानुमान’ केलं. शेरा असा, की दगावणे हे गुरांसाठी वापरतात. मी तर ‘बाळंतीण दगावली’ हे आजीच्या तोंडून ऐकत मोठी झाले. आणि पहाटे तीनला आयसीयूच्या बाहेर उभ्या असलेल्या मुलाला ‘जोखमीचे पूर्वानुमान’ वाचायला द्यायचं, हे मला पटत नाही. आधी ‘धोका’ लिहून पाहिलं होतं. पण मराठीचं परत इंग्रजी करून अर्थ पडताळणाऱ्याने त्याचा अर्थ ‘संकट’ घेतला, आणि मोजता येणारी शक्यता वाक्यातून नाहीशीच झाली. तुम्ही काय लिहाल?

नारायणपेठी
समितीच्या सदस्यांचं म्हणणं अर्धवट आहे. दगावणे गुरांना वापरतात हे खरं, पण माणसांनाही सर्रास वापरतात. ‘उपचारादरम्यान रुग्ण दगावला’ हे कुठल्याही मराठी पेपरात सापडेल. मूळ शब्द दगा, फारसीतून आलेला. कोण कधी दगावतं ते बघा: बाळंतीण, तान्हं मूल, गाभण म्हैस, दवाखान्यातला पेशंट. प्रत्येक वेळी कुणीतरी जपत होतं, वाचेल अशी आशा होती, आणि ऐनवेळी घात झाला. नव्वदीच्या आजी झोपेत गेल्या तर ‘आजी दगावल्या’ असं कुणी म्हणणार नाही. तुमच्या वाक्यात नेमकी जपण्याची आणि आशेची परिस्थिती आहे. शब्द चपखल आहे, सोडू नका.

भूलवाला
मी भूल देतो, त्यामुळे हे वाक्य मला रोजच तोंडी म्हणावं लागतं. नारायणपेठींनी दिलेल्या अर्थामुळेच मी ‘दगावणे’ वापरत नाही. त्यात घात आहे, आणि घात म्हटला की तो कुणी केला हा प्रश्न मागोमाग येतो. नातेवाइकांच्या कानाला ते ‘डॉक्टरांच्या हातून दगावला’ असंच लागतं. मी म्हणतो: ‘तुमच्या वडिलांसारखे, याच वयाचे, अशाच अवस्थेतले शंभर जण आपण ऑपरेशनला घेतले, तर त्यातले साधारण अठरा जण महिन्याच्या आत जातात. तुमचे वडील कुठल्या बाजूला असतील ते मला सांगता येत नाही.’ अठरा हा इथे उदाहरणापुरता. त्यावर एका मुलाने मला विचारलं होतं, ‘डॉक्टर, अठरा म्हणजे कमी की जास्त?’ त्याचं उत्तर पत्रकात असायला हवं. इंग्लंड-वेल्समध्ये अशा ऑपरेशनांची देशपातळीवर नोंद ठेवतात, २०१३ पासून. तिथे हा अंदाज ५ टक्क्यांच्या वर गेला की रुग्ण जास्त जोखमीचा धरतात. मग वरिष्ठ सर्जन आणि वरिष्ठ भूलतज्ज्ञ हजर हवेत आणि नंतर आयसीयूत खाट हवी, असा दंडक आहे. म्हणजे अठरा खूप जास्त.

आणखी एक. ऑपरेशन केलंच नाही तर काय, हे त्याच वाक्याला जोडून लिहा. फुटलेलं आतडं तसंच ठेवलं तर वाचण्याची आशा फारच थोडी असते. नुसता अठराचा आकडा वाचून माणसं पेशंटला घरी घेऊन जातात.

शुद्धलेखणी
एक मूलभूत प्रश्न. ‘मृत्यू’ हा सरळ शब्द असताना दगावणे, जाणे, बरंवाईट होणे असल्या आडवाटा कशाला? सहीच्या कागदावर मोघम शब्द नको. ‘जाण्याची शक्यता’ वाचून कुणी ‘घरी जाण्याची’ असंही समजेल. मात्र ‘पूर्वानुमान’ला माझाही विरोध आहे. तो हिंदी बातम्यांतून आपल्याकडे घुसला. आपल्याला भाकीत आहे, अनुमान आहे. ‘ऑपरेशन’ही काढा, ‘रिस्क’ तर नकोच. जोखीम आणि शस्त्रक्रिया हे शब्द कुणाला कळत नाहीत? महापौर, दिनांक हे सावरकरांचे शब्दही एकेकाळी कृत्रिम वाटत होते. आज बोलताना कुणी अडखळत नाही.

सिमला_ऑफिस_चौक
भाकीत अजिबात नको. भाकीत ज्योतिषी करतो. आमच्या चौकाला नाव देणारी वेधशाळा १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आली. तेव्हाचं सांगत नाही, पण मला आठवतंय तसं ती नेहमी ‘अंदाज’च देते. पाऊस पडला नाही तर लोक वेधशाळेला नावं ठेवतात, पण अंदाज हा अंदाज असतो हे मनातून जाणतात. भाकीत खोटं ठरतं, अंदाज चुकतो. हा फरक इथे फार महत्त्वाचा आहे. वडील वाचले तर मुलाने ‘डॉक्टर खोटं बोलले’ असं म्हणू नये, आणि गेले तर ‘त्यांनी आधीच वर्तवलं होतं’ असंही म्हणू नये.

शुद्धलेखणी
अंदाज फारसी आहे.

नारायणपेठी
असू दे की. दगा फारसी, जखम फारसी, दवाखाना अरबी-फारसी. दुखण्याच्या बाबतीत आपली बोली अशीच घडली आहे. आणि भाकीत ‘भाक’वरून आलं असेल तर ते आणखीच नको. भाक देणे म्हणजे वचन देणे.

शुद्धलेखणी
‘करुणा भाकणे’मधला भाकणे बघा. तिथे वचन कुठे आहे? बोलणे, विनवणे असा अर्थ आहे. भाकीत म्हणजे बोलून ठेवलेलं, इतकंच.

आकडेमोड
व्युत्पत्ती बाजूला ठेवून एक फरक सांगते, कारण संख्याशास्त्राच्या मराठी नोट्समध्ये हा गोंधळ कायम दिसतो. मृत्युदर हा गटाचा असतो, घडून गेलेल्या गोष्टींचा. शक्यता पुढची असते, एका माणसाबद्दल सांगितलेली. ‘तुमच्या वडिलांचा मृत्युदर’ असं छापलेलं मी पाहिलंय, ते सपशेल चूक आहे. संभाव्यता हा शब्द दहावीच्या बीजगणितात आहे, बालभारतीनेच शिकवलाय, पण तिथे तो नाण्यांशी आणि फाशांशी जोडला गेलाय. वडिलांच्या पत्रकात तो नको वाटतो. शक्यता पुरेशी आहे.

जोखमीबद्दल. आमच्या घरी जोखीम म्हणजे सोनंनाणं. ‘अंगावर जोखीम घालून एसटीत बसू नकोस.’ जोखणे म्हणजे तोलणे, आणि माझ्या मते जोखीम त्याच घरातली. त्या अर्थाने मृत्यूची जोखीम म्हणणं मला विचित्र वाटतं. जोखीम जिवाची असते, मृत्यूची नसते.

सांगोलेकर
ताईंचं पटलं. ‘जिवाला जोखीम’ किंवा ‘जीवावरचं दुखणं’ म्हणतो आम्ही. मृत्यूची जोखीम कधी ऐकली नाही.

मला वेगळंच विचारायचंय. हा आकडा काढतात कशावरून? वय धरतात एवढंच? आमच्या आजोबांच्या वेळी एका दवाखान्यात ‘वय झालंय’ एवढंच सांगून हाय रिस्क कन्सेंटवर अंगठा घेतला होता. आजोबा त्या आठवड्यापर्यंत रोज शेतात चालत जायचे.

भूलवाला
हाच मोठा दोष आहे, म्हणून सविस्तर लिहितो. पेरिटोनायटिस म्हणजे पोटात पू किंवा घाण पसरलेली असली, की आपल्याकडे अजूनही मॅनहाइम इंडेक्स लावतात. त्यात वय पन्नाशीच्या वर असेल तर ५ गुण, बाई असेल तर ५, अवयव निकामी व्हायला लागले असतील तर ७, आणि पोटात विष्ठा सापडली तर १२. एकूण ४७ गुणांतले २९च्या वर गेले की चिंता. पण एक्कावन्न वर्षांच्या रिक्षावाल्याला आणि अठ्ठ्याऐंशीच्या आजोबांना वयाचे गुण सारखेच. दुसरं पी-पॉसम. त्यात अठरा गोष्टी बघतात. बारा रुग्णाच्या शरीराच्या: नाडी, रक्तदाब, युरिया, सोडियम वगैरे. सहा ऑपरेशनच्या: रक्त किती गेलं, पोटात घाण किती होती. त्या सहा गोष्टी पोट उघडण्याआधी अदमासानेच भरायच्या असतात, म्हणून आधीचा आणि नंतरचा आकडा वेगळा येतो. तिथेही एकाहत्तरच्या पुढे सगळे एकाच खणात.

माणूस मुळात किती तगडा होता की खंगलेला होता, हे दोन्हींत नाही. म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत तेच फार मोलाचं ठरतं. त्यासाठी एक ते नऊ अशी वेगळी पट्टी आहे: स्वतः बाजारात जातो का, आंघोळीला मदत लागते का, अंथरुणाला खिळलाय का. आणि ते आजच्या अवस्थेवरून ठरवायचं नाही. दुखणं सुरू व्हायच्या साधारण दोन आठवडे आधी माणूस कसा होता ते घरच्यांना विचारायचं. सांगोलेकरांच्या आजोबांबद्दल तेव्हा कुणी एवढं विचारायला हवं होतं.

उलटभाषांतर
भूलवाला, त्याच पट्टीचं मराठीही माझ्याकडेच आहे, आणि तिथे त्या खंगलेपणाला मी ‘जर्जरता’ लिहिलंय. ते तरी चालेल का?

नारायणपेठी
जरा, जीर्ण, जर्जर एकाच धातूचे. शब्द नेमका आहे.

सांगोलेकर
नेमका असेल, पण ‘तुमची आई जर्जर आहे का’ असं कुणाला विचारता येईल का? आमच्याकडे ‘थकलेत’ म्हणतात. ‘अण्णा आता फार थकलेत’ म्हटलं की सगळं कळतं. काठी आली, जेवण कमी झालं, दोनदा सांगावं लागतं. आणि दोन दिवसांच्या उलट्या-जुलाबांनी माणूस पडला तर ‘गळाठला’ म्हणतो. डॉक्टरांनी दोन आठवड्यांआधीचं सांगितलं ना, थकणं ते आणि गळाठणं आजचं.

भूलवाला
हे मी उद्यापासून वापरणार. ‘दुखायला लागायच्या आधी ते थकलेले होते का, की आत्ता गळाठलेत?’ घरचे चटकन सांगतील.

शुद्धलेखणी
बोलताना वापरा. कागदावर थकवा आणि थकणे यांत गल्लत होईल. परत इंग्रजी करणारा ‘दमलेत’ असंच समजेल. दुर्बलता लिहा.

आकडेमोड
दुर्बल म्हटलं की ‘आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक’ आठवतात. आणि दुर्बल तर तरुणही असतो. थकणं म्हातारपणाचंच. इंग्रजी करणाऱ्याला चिठ्ठी जोडून अर्थ कळवता येतो. पत्रक नातेवाइकांसाठी आहे, त्याच्यासाठी नाही.

भूलवाल्यांच्या लिहिण्यावर एक जोड. ही गणितं बाहेरच्या रुग्णांवर बसवलेली आहेत. आपल्याकडे पेशंट बरेचदा गावात दोन दिवस काढून मग ससूनला पोचतो. त्याला तोच आकडा लागू पडेल असं गृहीत धरता येत नाही, इथल्या नोंदींवर पडताळायला हवा. म्हणून वाक्यात ‘सुमारे’ आणि ‘अंदाज’ दोन्ही राहू द्या. समितीने एक काढला तर दुसरा सोडू नका.

पर्वतीपायथा
उशिरा आलो. सगळं वाचलं, पण पहिल्याच परिच्छेदात अडलो. आतड्याला पीळ ‘पडतो’ की ‘बसतो’? आमच्याकडे दोरीला पीळ बसतो.

सांगोलेकर
दोरीला आपण पीळ देतो, मग तो बसतो. आतड्याला कुणी देत नाही, आपोआप पडतो. आमच्याकडे ‘आतडं पिळलं’ असंही म्हणतात.

नारायणपेठी
‘आतड्याला पीळ पडणे’ हे रूढ आहे, पण लाक्षणिक अर्थाने. पोटच्या पोरासाठी आतडं पिळवटतं. पत्रकात त्याची छाया नको असेल तर ‘आतडं स्वतःभोवती गुंडाळलं गेलं’ असं सरळ लिहावं.

शुद्धलेखणी
आणि हर्नियाला अंतर्गळ. तो तर जुना मराठी शब्द आहे, त्याला तरी हरकत नसावी.

भूलवाला
अंतर्गळ म्हटल्यावर माझ्या ओपीडीत निम्मे लोक ‘म्हणजे हर्निया का?’ असं विचारतात. उरलेल्या निम्म्यांत माझे स्वतःचे काका आहेत. त्यांना ‘हर्निया’ म्हटलेलं कळत नाही. दोन्ही लिहा, शेजारी शेजारी.