बडबडीचेच पैसे आहेत ते

रेडिओवरच्या आरजेबद्दल (रेडिओ जॉकी, गाण्यांच्या मधे बोलणारा) "गाणी कॉम्प्युटर लावतो, मग मधल्या बडबडीला एवढा पगार कशाला" असं म्हणतात, ते अर्धंच पटलं. गाणी आधीच ठरलेली असतात हे खरंय, पण खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या तेवढ्या चालतात, म्हणजे सगळीकडे गाणी तीच, मग वेगळं काय उरलं तर आरजे.

काकांचं लक्ष्मी रोडला साड्यांचं दुकान आहे, दिवाळीत जाहिरात दिली तेव्हा रेकॉर्डेड जिंगलचा रेट वेगळा आणि सकाळच्या आरजेने स्वतः नाव घ्यायचा वेगळा, चांगलाच जास्त. काका कुरकुरले (सदाशिव पेठेतले, कुरकुरणारच) पण दिले, आणि बायका काउंटरवर येऊन "तो रेडिओवाला म्हणत होता ती पैठणी दाखवा" म्हणायच्या. जिंगल कुणाच्या लक्षातही नव्हती.