कटिंगच्या फाइलमध्ये खोडरबर नको, पांढरा बॉक्स तर नकोच

लक्ष्मीपुरीतला रेडियमवाला:
आमच्या कोल्हापुरात जोतिबाची चैत्र यात्रा जवळ आली की टेम्पो-ट्रॅक्टरच्या काचांवरच्या रेडियम स्टिकरचं काम रात्री उशिरापर्यंत चालतं. परवा बाहेरून एक फाइल आली. 'जोतिबाच्या नावानं चांगभलं' आणि खाली घोडा. घोड्याची शेपटी अक्षरावर चढत होती म्हणून करणाऱ्यानं तेवढ्यावर पांढरा बॉक्स टाकून ती झाकलेली. स्क्रीनवर सगळं स्वच्छ. मी गडबडीत वायरफ्रेम (नुसत्या कडा दाखवणारं दृश्य) न बघता पीएलटी (कटिंग मशीनची फाइल) काढली आणि प्लॉटरला, म्हणजे पात्याच्या कटिंग मशीनला, सोडली. पात्यानं बॉक्सच्या चारी कडा कापल्या, खालची शेपटी कापली, अक्षराचं पोटही कापलं. पीएलटीत रंग जात नाही, नुसत्या रेषा जातात. अख्खा तुकडा फेकावा लागला.

म्हणून स्पष्ट सांगतो. कटिंगला जाणाऱ्या फाइलमध्ये झाकणं म्हणजे काढणं नव्हे. आणि कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये एक्स दाबून खोडरबर फिरवणं हासुद्धा उपाय नव्हे. कोरलचा खोडरबर जिथं फिरतो तिथं कड आपोआप बंद करतो, माउस जसा थरथरतो तशी ती कड होते आणि नोड्स, म्हणजे रेषेवरचे बिंदू, वाढतात. वरच्या पट्टीत नोड्स कमी करायची सोय आहे, पण त्यानं आकारही हलतो. काढायचा भाग नीट आकारानं आखा आणि ट्रिम करा, म्हणजे त्या आकारानं खालचा भाग कापून टाका. माझ्याकडं नवा पोरगा आला की पहिला महिना मी त्याला खोडरबर धरू देत नाही.

राजारामपुरी फ्लेक्स:
दादा, तुमचं दुखणं तुमच्या धंद्याचं आहे, ते सगळ्यांच्या गळ्यात मारू नका. तालमीचा फ्लेक्स रात्री साडेदहाला सांगतात आणि पहाटे चौकात लागायला पाहिजे असतो. कुणाचा तरी फोटो काढा, पद बदला, तारीख बदला. फ्लेक्सचं कापड मुळात पांढरं. पांढऱ्यावर पांढरा बॉक्स टाकला तर मशीन तिथं शाईच मारत नाही. त्यात काय बिघडलं? शिवाय उद्या तोच फोटो परत टाका म्हणाले, तर बॉक्स उचलला की काम झालं. तुम्ही ट्रिम करून बसलात तर परत कुठनं आणणार?

लक्ष्मीपुरीतला रेडियमवाला:
भावा, परत आणायचं असेल तर कापायच्या आधी मूळ आकाराची एक प्रत वेगळ्या लेयरवर ठेव, लेयर लॉक कर आणि छपाईतनं बंद कर. दहा सेकंद लागतात. आणि पांढऱ्या कापडाचा हिशेब मागची बाजू पांढरी असेपर्यंतच. गिऱ्हाईक सकाळी म्हणालं की मागं भगवा करा, की सगळे बॉक्स उघडे पडतात.

चित्रकला शिक्षिका, मंगळवार पेठ:
मला दोघांचंही पटत नाही. मी मुलांना इंकस्केप हे चित्रांचं सॉफ्टवेअर शिकवते. खोडरबर धरू न देणं म्हणजे मुलाच्या हातातली पाटी काढून घेण्यासारखं आहे. हातानं काढलेल्या चित्रात कड थोडी थरथरली तर तीच त्याची ओळख असते. मुळात इंकस्केपचा खोडरबर एकाच प्रकारे चालत नाही. एका पद्धतीत ज्या वस्तूला लागला ती अख्खी उडते. दुसऱ्यात फक्त फिरवलेला भाग कापला जातो. तिसरी पद्धत क्लिपची: भाग दिसेनासा होतो, पण क्लिप सोडवली की मूळ जसंच्या तसं परत येतं. मुलं पहिल्याच दिवशी पहिल्या पद्धतीत अडकतात, अख्खं झाड गेलं की रडकुंडीला येतात, आणि मग शिक्षक म्हणतात खोडरबर वाईट. पद्धत बघायला शिकवा. आणि आधी हवी ती वस्तू निवडायला शिकवा. काही निवडलेलं नसेल तर रबर वाटेत येईल त्या सगळ्यावर चालतो.

उद्यमनगर लेझर:
बाई, क्लिप कागदावर छापायला छान. माझ्याकडं ॲक्रिलिक कापायला आलेल्या फाइलमध्ये क्लिप म्हणजे तोच पांढरा बॉक्स, फक्त न दिसणारा. मूळ रेषा आत जिवंत असते आणि बऱ्याचदा कटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळी उघडी होऊन येते. खोडरबरनं केलेल्या कडेचं तर बोलूच नका. बारीकबारीक नोड्स जवळजवळ आले की लेझरचं डोकं तिथं मंदावतं आणि काठाला डाग पडतात. इंकस्केपमध्येही वरचा आकार ठेवून कंट्रोल-वजा दाबलं की खालच्यातनं तेवढा भाग जातो, कड सुईसारखी येते. मी रेडियमवाल्या दादांच्या बाजूनं आहे.

एक गोष्ट मात्र कुणी बोललं नाही. एका पत्रिकेच्या पीडीएफमध्ये जुना मोबाइल नंबर पांढऱ्या बॉक्सनं झाकलेला होता. पीडीएफ सगळीकडं फिरली. मी बॉक्सवरनं मजकूर निवडून कॉपी केला, अख्खा नंबर आला. लोकांचे नंबर, खाते क्रमांक असे झाकून पाठवणं हा धोका आहे. तिथं घाईचं कारण मी मानणार नाही.

राजारामपुरी फ्लेक्स:
नंबरचं मान्य. तो डिलीटच करायला पाहिजे, उद्यापासून करतो. पण मजकुराबाहेरच्या गोष्टींना मी अजूनही बॉक्सच टाकणार. रात्री एकला आखून ट्रिम करत बसायला माणूस लागतो, आणि तो माणूस मला परवडत नाही.

लक्ष्मीपुरीतला रेडियमवाला:
ठीक आहे, तू फ्लेक्सपुरतं कर. पण तीच फाइल माझ्याकडं कटिंगला पाठवू नकोस, इतकंच मागणं आहे.

बाईंना एक सांगतो. मुलांच्या चित्रात थरथर चालेल, देवनागरी अक्षरात नाही. अक्षर कर्व्ह केलं, म्हणजे फॉन्टचं नुसत्या रेषांत रूपांतर केलं, की प्रत्येकाची शिरोरेषा शेजारच्यावर थोडी चढलेली असते. आधी वेल्ड, म्हणजे सगळ्यांचा जोडून एकच आकार, केलं नाही तर पातं प्रत्येक जोडावर चीर मारतं आणि काचेवर चिकटवताना शब्दाचे तुकडे होतात. म्हणून आधी वेल्ड, मगच काढायचं ते काढा. त्या दिवशीच्याच फाइलमध्ये दुसरी चूक होती. बॉक्स टाकायच्या आधी शेपटी खोडून बघताना रबर 'भ'च्या डोक्यावरनं गेला होता, मग नोड्स कमी केल्यावर डावीकडची फट बुजली. शब्द झाला 'चांगमलं'. गिऱ्हाइकाच्या आजोबांनी काउंटरवर उभं राहून बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे देवाचं नाव घेताना म्हणायचं असतं, बाळा." मी चष्मा काढला, नोड्स हलवायचं टूल घ्यायला एफ-टेन दाबलं आणि चार नोड्स हातानं हलवून ती फट परत उघडली.

चित्रकला शिक्षिका, मंगळवार पेठ:
'भ'ची ही फाइल मिळेल का? बुजलेल्या फटीची आणि उघडलेल्या फटीची, दोन्ही. सोमवारी वर्गात दाखवते. खोडरबर मात्र शिकवणारच.