मीडियम फॉरमॅट रेंजफाइंडर घ्यायचाय, बजेट ₹60,000, राहायला किनाऱ्यावर: कुठला घ्यावा?

आचरेबंदर:

नमस्कार मंडळी. 35 एमएमच्या याशिका इलेक्ट्रो 35 वर बरेच दिवस रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी ओढायच्या मोठ्या जाळ्याचे, ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढतोय. आता 120 रोलवर (मीडियम फॉरमॅटची रुंद फिल्म) जायचंय, कारण रापणकारांचे चेहरे मोठे प्रिंट करून गावातल्या शाळेत लावायचा विचार आहे. रेंजफाइंडरच हवा, म्हणजे व्ह्यूफाइंडरमध्ये दोन प्रतिमा जुळवून फोकस करायचा कॅमेरा. जाळं ओढताना माणसं सतत हलत असतात आणि फ्रेममध्ये आता कोण शिरणार ते मला आधी दिसायला हवं. वरून खाली पाहायच्या ट्विन लेन्स कॅमेऱ्यात डावं-उजवं उलटं दिसतं, तिथे माझी गडबड होते.

₹60,000 मध्ये परदेशातून मागवण्याचं कस्टम, सर्व्हिसिंग आणि सुरुवातीचे रोल सगळं बसवायचंय. यादीत सध्या आहेत फुजी जीडब्ल्यू690 टू, फुजीचाच घडीचा जीएस645, रशियन मॉस्क्वा-5, आणि नशिबात असला तर मामिया 6. पावसाळ्यात आमच्या घरात भिंतींना ओल येते, तेही लक्षात घेऊन सांगा.

खाडीपलीकडे:

मामिया 6 यादीतून काढा. लेन्स अप्रतिम आहे, पण या पैशात धड चालणारा मिळत नाही. शिवाय त्याचं शटर इलेक्ट्रॉनिक. एकदा रुसलं की दुरुस्तीला कोण हात लावणार? मामिया 7 आणि प्लॉबेल माकिना 67 चा तर विषयच नको.

आता घडीचे. जीएस645 ची लेन्स गोड आहे, 75 एमएम एफ/3.4 (एफचा आकडा लहान तितकी लेन्स जास्त उघडते). पण त्याचे बेलोज (लेन्स आणि बॉडी जोडणारा घड्यांचा पडदा) घडीच्या कोपऱ्यांवर चिरतात, हे त्या मॉडेलचं जुनं दुखणं आहे. नवे बेलोज बसवलेला आणि विकणाऱ्याने तसं लेखी दिलेला असेल तरच विचार करा. मॉस्क्वा-5 स्वस्त आहे, 6×9 सेंटीमीटरची निगेटिव्ह देतो, रेंजफाइंडरही लेन्सला जोडलेला. पण लेन्स धरणारी पुढची पट्टी जराशी जरी हलत असेल, तर निगेटिव्हची एक बाजू शार्प आणि दुसरी मऊ येते. एफ/11 ला सड्यावरची (जांभ्याच्या पठारावरची) कातळशिल्पं काढायची असतील तर चालून जाईल. पहाटेच्या उजेडात एफ/4 ला माणसाचे डोळे पकडायचे असतील तर मी त्यावर भरवसा ठेवणार नाही. आपल्या हवेत बेलोजच्या घड्यांना बुरशी धरते ती वेगळीच.

तुम्ही यादीत न घेतलेला एक सुचवतो: फुजी जीएस645एस. नावात एका अक्षराचा फरक, कॅमेरा पूर्ण वेगळा. बेलोज नाहीत, बॉडी सरळ घट्ट, लेन्स 60 एमएम एफ/4. शटर यांत्रिक आहे, सेल फक्त प्रकाश मोजणाऱ्या मीटरला लागतात. रोलला 15 फ्रेम. कॅमेरा आडवा धरला की फ्रेम उभी येते, म्हणजे दोर खांद्यावर घेतलेल्या माणसासाठी हात वाकडा करायला नको. निगेटिव्ह 6×4.5 सेंटीमीटरची (नावातला 645 तोच), क्षेत्रफळाने 35 एमएमच्या अडीच पटीहून मोठी, शाळेच्या भिंतीवरच्या प्रिंटला ती भरपूर झाली.

फोटोंमध्ये लेन्सभोवती एक कडं दिसेल, ते संरक्षणासाठी असतं. ते वाकलेलं असेल तर कॅमेरा पडलेला आहे, आणि पडलेल्या कॅमेऱ्याचा रेंजफाइंडर जागेवर असेलच असं नाही. असा पीस कितीही स्वस्त असला तरी सोडा.

जांभादगड:

वरच्यांशी बऱ्याच अंशी सहमत, पण जीडब्ल्यू690 ला इतक्या लवकर बाजूला सारू नका. 6×9 ची निगेटिव्ह 35 एमएमच्या पाच पटींहून मोठी असते. ओल्या वाळूवरचा जाळ्याचा धागान् धागा प्रिंटमध्ये उतरतो, आणि तो एकदा पाहिला की 645 अपुरा वाटायला लागतो. लेन्स 90 एमएम एफ/3.5. सेल नाही, मीटर नाही, म्हणजे खाऱ्या हवेत सडायला इलेक्ट्रॉनिक काहीच नाही. तळाला काउंटर असतो, त्यातला एक आकडा म्हणजे दहा फोटो. कॅमेरा किती राबलाय ते तिथे कळतं, विकणाऱ्याकडे त्याचा फोटो मागाच.

जड आहे, जवळपास दीड किलो. फिल्म पुढे न्यायला लिव्हर दोनदा ओढावा लागतो. बटण दाबून धरेपर्यंत शटर उघडं ठेवणारा बी नाही, फक्त एकदा दाबलं की उघडंच राहणारा टी आहे, म्हणजे संध्याकाळचं लांब एक्स्पोजर उघडलंत की बंद करायला लिव्हर किंवा स्पीडची रिंग फिरवावी लागते. हे सगळं जमवून घेता येतं.

खाडीपलीकडे:

जमवून घेता येतं, पण रापणीला नाही. रोलला आठ फ्रेम. जाळं किनाऱ्याला टेकतं, मासळी उडते, पोरं धावतात, आणि नेमका त्याच क्षणी तुम्ही पाठ फिरवून रोल बदलताय! एका रोलच्या पैशात 645 मध्ये जवळजवळ दुप्पट फोटो मिळतात. बजेट मर्यादित असताना दर महिन्याला रोल परवडणं हे कॅमेऱ्याच्या मॉडेलपेक्षा महत्त्वाचं आहे. जीडब्ल्यू690 पोस्टेज आणि कस्टम धरून बजेटच्या काठावर जाईल, मग सर्व्हिसिंगला काय उरणार?

वेंगुर्लेवाला:

कोनी-ओमेगा रॅपिड पण बघा. 6×7, हेक्सानॉन लेन्स, आणि भाव अजून आवाक्यात. पण आकाराने मोठा आहे आणि फिल्म ओढायचा दांडा आत-बाहेर खेचावा लागतो. हातात घेऊन पाहिल्याशिवाय घेऊ नका.

आचरेबंदर:

सगळ्यांचे मनापासून आभार. जांभादगड, तुमचं म्हणणं पटतं, पण पंधरा फ्रेमचा मुद्दा माझ्यासाठी निर्णायक आहे. जीएस645एसच शोधतो. विकणाऱ्याला काय काय विचारू? आणि पावसाळ्याचं काय करू?

खाडीपलीकडे:

या गोष्टी मागा. मागचं झाकण उघडून, शटर टी किंवा बीवर उघडं ठेवून, लेन्समधून टॉर्च मारलेला फोटो. बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते, ती असेल तर नको. एक सेकंदाच्या स्पीडचा व्हिडिओ, अडखळत बंद होतंय का ते आवाजावरून कळतं. व्ह्यूफाइंडरमधला पॅच (फोकस जुळवायचा मधला छोटा चौकोन) स्पष्ट आहे का, आणि लांबच्या विजेच्या खांबावर दोन प्रतिमा एकमेकींवर नीट बसतात का. मीटर बंद असेल तर भाव कमी करून घ्या, त्यावाचून अडत नाही.

पावसाळ्यात कॅमेरा ना कपाटात ठेवायचा, ना चामड्याच्या केसमध्ये. हवाबंद डबा, ओल शोषणारं सिलिका जेल आणि आत छोटा हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायला). आर्द्रता 40 ते 50 टक्के राहू द्या. जेलचा रंग बदलला की मंद आचेवर कोरडं करून परत घाला. किनाऱ्यावरून आलात की साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने आधी बॉडी पुसा, मग कोरड्या फडक्याने. थेट कोरडं फडकं फिरवलंत तर वाळूचे कण ओरखडे काढतात.

जांभादगड:

फिल्मबद्दल माझी भर. या कॅमेऱ्याच्या शटरचा स्पीड 1/500 सेकंदाच्या वर जात नाही. दुपारच्या पांढऱ्या वाळूवर आयएसओ 400 ची (जास्त संवेदनशील) फिल्म टाकलीत तर एफ/22 ला जाऊन अडकाल. उन्हाला कमी आयएसओची एफपी4 ठेवा, पहाटेला आणि पावसाळी आभाळाला 400 ची एचपी5. मीटर वाळूकडे रोखू नका. उन्हात रापलेला चेहरा त्यात काळा पडतो, चेहऱ्याजवळ जाऊन रीडिंग घ्या. घरी डेव्हलप करत असाल तर मे महिन्यात नळाचं पाणी 20 अंशांच्या कितीतरी वर असतं. केमिकलची बाटली बर्फाच्या पाण्यात ठेवून तापमान उतरवा.

आणि कॅमेरा आला की पहिला रोल चाचणीलाच. ट्रायपॉडवर लावून, लेन्स पूर्ण उघडी ठेवून, टेपने मोजलेल्या एक मीटर, दोन मीटर, पाच मीटरवर छापील कागद ठेवा आणि शेवटी खाडीपलीकडची माडांची रांग घ्या. कुठल्या अंतराला फोकस पुढे-मागे जातोय ते निगेटिव्हवर भिंग धरलं की लगेच दिसतं, आणि परत करायची मुदत संपायच्या आत ते कळलेलं बरं.