मदत हवी आहे: जर्मनमध्ये नम्रपणे 'येऊ शकत नाही' कसं लिहू? (तातडीचं)

घाईतला_गडी: परवा रविवारचा बेत रद्द करायचाय. दोन नम्र ओळी हव्यात, आजच. मी 'इश आपझागऽ झोनटाग' असं जुळवलंय, चालेल का? व्याकरणाचा तास नको, थेट वाक्य द्या.

कडीपत्ता: नाही चालणार. 'आपझागन' (येत नाही असं कळवणं) वाक्यात तुटतं, 'आप' शेवटी जातं. ती भानगड टाळायची तर 'मुस' घाला: 'इश मुस लायडर आपझागन.' पण पाठवताय कुणाला? समोरचा 'झी' (तुम्ही) म्हणतो की 'डू' (तू)? आणि नुसतं रद्द करायचंय की पुढे ढकलायचंय?

भुईमूग: डॉक्टरची वेळ असेल तर मेसेजवर भागवू नका, फोन करा, निदान 24 तास आधी. 'इश कान डेन टेर्मीन लायडर निश्ट वारनेमन', आणि लगेच 'क्योन्टन झी मिअर आइनन नॉयन टेर्मीन गेबन?' ऐनवेळी कळवलं तर रिकाम्या गेलेल्या वेळेचे पैसे मागणारे दवाखाने आहेत.

घाईतला_गडी: डॉक्टर कुठून आला मध्येच? शेजारच्या आजींनी कॉफीला बोलावलंय. त्यांनी चिठ्ठी टाकलीय माझ्या पेटीत.

कडीपत्ता: मग 'टेर्मीन' (ठरवून घेतलेली वेळ) शब्द अजिबात नको. तो दवाखान्याला, ऑफिसला, बँकेला. आजींच्या कॉफीला टेर्मीन म्हटलंत तर कोरडं वाटेल. हे घ्या:
'फीलन डांक फ्यूर डी आइनलाडुंग! लायडर कान इश आम झोनटाग निश्ट कोमन, मिअर इस्ट एटवास दात्स्विशनगेकोमन. क्योन्टन व्हिअर एस आउफ नेक्स्टन झोनटाग फेरशीबन?'
फेरशीबन (पुढे ढकलणं) बरोबर 'आउफ'च येतं. आपल्याकडचे बरेच जण तिथे 'त्सू' लावतात.

शिस्तप्रिय_शेंगदाणा: 'मिअर इस्ट एटवास दात्स्विशनगेकोमन' आजींना नको. 'काहीतरी मध्ये आलं' एवढंच सांगितलं की टाळताय असं वाटतं. खरं कारण एका ओळीत लिहा.

कडीपत्ता: कारण सांगायची सक्ती नाही तिकडे. दोन दिवस आधी कळवताय, तेवढा नम्रपणा पुष्कळ झाला.

शिस्तप्रिय_शेंगदाणा: ऑफिसातल्या जेवणाला ठीक. शेजारी रोज जिन्यात भेटतात. आणि आपलं ते 'बघतो, जमलं तर येतो' तर मुळीच लिहू नका. 'फिलायश्ट' (कदाचित) लिहिलंत की आजी खरंच वाट बघतील, केकही करून ठेवतील. नाही म्हणजे नाही, पण 'लायडर' (दुर्दैवाने) लावून.

अभ्यासिका: गोएथे संस्थेची बी 1 पातळीची जर्मन परीक्षा देणार असाल तर लेखनाचा तिसरा भाग अगदी हाच! सुमारे 40 शब्दांची औपचारिक मेल, 100 पैकी 20 गुण. 'झेअर गेएअर्टऽ फ्राउ' अमुक, मग स्वल्पविराम, पुढची ओळ लहान अक्षराने (पहिला शब्द नाम किंवा 'झी' नसेल तर). शेवटच्या 'मिट फ्रॉयंडलिशन ग्र्यूसन'नंतर मात्र स्वल्पविराम नाही. इंग्रजीच्या सवयीने तिथे हमखास टाकला जातो.

घाईतला_गडी: परीक्षा नाहीये हो माझी! 18:10 ची गाडी आहे स्टुटगार्टहून, आजींनी साडेचारला बोलावलंय, म्हणून जमत नाही. कारण लिहायचं तर तेवढंच.

हाल्बशुद्ध: चिठ्ठीत नेमकं काय लिहिलंय? जसंच्या तसं टाका.

घाईतला_गडी: 'हेटन झी लुस्ट, आम झोनटाग उम हाल्ब फीअर आउफ आइनन काफे फोरबायत्सुकोमन?'

हाल्बशुद्ध: हाल्ब फीअर म्हणजे साडेतीन, साडेचार नव्हे! चारला अर्धा तास कमी. साडेचारला 'हाल्ब फ्युन्फ' म्हणतात. शिवाय स्टुटगार्टकडे 'फिअर्टल फीअर' ऐकलंत तर ते सव्वातीन आणि 'द्रायफिअर्टल फीअर' पावणेचार. शंका आली की आकड्यांत विचारा: 'आल्झो उम 15 उअर 30?' कुणी हसत नाही.

घाईतला_गडी: म्हणजे पाचपर्यंत दीड तास मिळतो. मग रद्द नकोच. येतो, पण लवकर निघेन, हे कसं लिहू?

शिस्तप्रिय_शेंगदाणा: 'इश कोमऽ झेअर गेर्न! लायडर मुस इश शोन उम फ्युन्फ विडर लोस, वाइल माइन त्सूग उम 18 उअर 10 फेअर्ट. डार्फ इश एटवास मिटब्रिंगन?' निघायची वेळ आधीच कळवलीत तर बरं, ऐनवेळी घड्याळ बघत उठणं वाईट दिसतं.

कडीपत्ता: 'वाइल' (कारण) नंतर क्रियापद शेवटी, ते बरोबर आहे. 'शोन उम फ्युन्फ'ऐवजी 'गेगन फ्युन्फ' लिहा, पाचाच्या सुमारास. म्हणजे पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे झाली तरी चालेल. यायची वेळ मात्र साडेतीन म्हणजे साडेतीन.

भुईमूग: फुलं नेणार असाल तर दारात कागद काढूनच हातात द्या. शनिवारीच घेऊन ठेवा, रविवारी बहुतेक दुकानं बंद.

अभ्यासिका: ए 2 च्या तोंडी परीक्षेतही दोघांनी मिळून वेळ ठरवायची असते, तिथे 'पास्ट एस ईनन उम हाल्ब फीअर?' (साडेतीनला जमेल का तुम्हाला?) हे वाक्य फार उपयोगी. 'पास्ट झी' म्हणू नका, तिथे डेटिव्ह ('तुम्हाला'चं रूप) लागतं.

हाल्बशुद्ध: अभ्यासिका, परीक्षेचा वेगळा धागा काढा ना.

घाईतला_गडी: चिठ्ठी टाकली आजींच्या पेटीत, 'गेगन फ्युन्फ'वाली. भुईमूग, फुलं किती युरोपर्यंतची न्यावीत?