अमेरिकेत हॉस्पिटलची नोकरी आणि लसींची सक्ती: धार्मिक सूट कशी मागायची?

शिरीषफूल
ओहायोतल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रुजू व्हायचंय. एचआरने फ्लू, एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला), कांजिण्या आणि हेपटायटिस बी या लसींचे पुरावे मागितलेत. आम्ही जैन. अंड्यात वाढवलेली किंवा जिलेटिन असलेली लस नको, अशी श्रद्धा आहे. सूट मागायच्या फॉर्मवर ‘कारण सविस्तर लिहा’ एवढंच आहे. मंदिराचं पत्र जोडावं लागतं का? अर्ज नाकारला तर पुढे काय? व्हिसा एच-१बी आहे.

लॅबकोट
चारही लसी एकाच अर्जात घालू नका. निम्मा प्रश्न धर्मापर्यंत जातच नाही.

हेपटायटिस बी: रक्ताशी संबंध येणाऱ्या कामासाठी ओशाचा (कामगार-सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेचा) नियम असा की लस मालकाने मोफत द्यायची आणि ती नको असेल तर कर्मचाऱ्याने नकारपत्रावर सही करायची. नियमाला धार्मिक कारण लागत नाही. पुढे मन बदललं तर तेव्हाही लस मोफतच. हॉस्पिटलचं स्वतःचं धोरण याहून कडक आहे का, तेवढं विचारून घ्या.

एमएमआर आणि कांजिण्या: आधी रक्ताची टायटर (प्रतिपिंडांचं प्रमाण मोजणारी) तपासणी करा. लहानपणी लस किंवा आजार झाला असेल तर बहुधा प्रतिपिंडं सापडतात, आणि सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या निकषांत तो रिपोर्ट प्रतिकारशक्तीचा पुरावा म्हणून चालतो. टायटर निगेटिव्ह आलं तरच पुढचा प्रश्न. एम-एम-आर टू (एमएमआर) आणि व्हॅरिव्हॅक्स (कांजिण्या) या दोन्ही लसींत डुकराचं जिलेटिन असतं.

उरला फ्लू. फक्त ‘अंडं नको’ असं लिहिलंत तर एचआर लगेच फ्लूब्लॉक किंवा फ्लूसेल्व्हॅक्स या फ्लूच्या लसी पुढे करेल, कारण दोन्हींत अंडं नाही. पण फ्लूब्लॉक कीटकाच्या पेशींत तयार होते आणि फ्लूसेल्व्हॅक्स कुत्र्याच्या मूत्रपिंडापासून निघालेल्या पेशींत. यातलं काही तुम्हाला चालतं का, हे अर्जाआधी घरी नीट ठरवा. अर्जात एक कारण आणि पर्याय दिल्यावर दुसरंच, असं झालं की श्रद्धेच्या खरेपणावर शंका येते. आणि एखादी खरंच चालत असेल तर ती घ्या. वॉर्डात केमो घेणारे रुग्ण असतात, त्यांना फ्लू परवडत नाही.

कलम_खुणा
कायद्याचं बघू. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं टायटल सेव्हन (नोकरीतल्या भेदभावाविरुद्धचा भाग) १५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकाला लागू आहे. श्रद्धा प्रामाणिक आणि धार्मिक असली पाहिजे. पंथाची अधिकृत शिकवण तशीच असावी अशी अट नाही. त्यामुळे मंदिराचं पत्र सक्तीचं नाही, असेल तर जोडा.

अर्जात काय हवं: तुमचं तत्त्व (अहिंसा), या विशिष्ट लसीशी त्याचा विरोध नेमका कुठे, आणि आहार, औषधांच्या कॅप्सूल वगैरेंत ते तुम्ही कसं पाळता. शेवटी पर्याय स्वतःच सुचवा: फ्लूच्या मोसमात मास्क, वॉर्डात जावं न लागणारं काम. इंटरनेटवरचा तयार मसुदा उतरवू नका. दुष्परिणामांची भीती किंवा ‘माझं शरीर, माझा निर्णय’ यातलं काही त्यात मिसळू नका, कारण टायटल सेव्हन त्याला संरक्षण देत नाही. फिलाडेल्फियाच्या फॅलन खटल्यात (२०१७) फ्लूची लस नाकारणारा कर्मचारी इथेच हरला: लस अपायकारक असते हे त्याचं मत कोर्टाने धार्मिक मानलं नाही. उलट ओहायोतच, सिनसिनाटीच्या एका हॉस्पिटलविरुद्ध व्हीगन कर्मचारी महिलेने केलेला दावा कोर्टाने २०१२ मध्ये सुरुवातीलाच फेटाळायला नकार दिला. तो अंतिम विजय नव्हे, पण तुमच्या मुद्द्याच्या बराच जवळचा आहे.

मालक ‘अवाजवी अडचण’ दाखवून नकार देऊ शकतो. १९७७ पासून किरकोळ खर्चही पुरेसा धरला जाई. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या २९ जून २०२३ च्या ग्रॉफ निकालाने पातळी वाढवली: धंद्याच्या मानाने भरीव जादा भार दाखवावा लागतो. मात्र हॉस्पिटलात रुग्णांचा धोका हा खरा भार धरला जातो, तेव्हा ग्रॉफ म्हणजे हमखास सूट समजू नका.

नाकारलं तर कारण लेखी मागा. ईईओसीकडे (नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी घेणारा केंद्रीय आयोग) तक्रारीची मुदत १८० दिवस. ओहायोत राज्याचाही असा आयोग असल्याने ३००. ईईओसीचं दावा करण्याच्या हक्काचं पत्र आलं की कोर्टात जायला ९० दिवस.

शिरीषफूल
टायटर लगेच करून घेते. भारतात सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये लसीची सक्ती करता येत नाही म्हटलं होतं, तो निकाल जोडू का?

कलम_खुणा
नको. तो शारीरिक स्वायत्ततेवर, कलम २१ वर आहे, धर्मावर नाही. आणि इथे तो लागूही नाही.

व्हिसाचं मात्र आधी बघा. एच-१बीवर नोकरी गेली तर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, तेही आय-९४ (अमेरिकेत राहण्याच्या मुदतीची नोंद) आधी संपत नसेल तर. ईईओसीची तक्रार चालू आहे म्हणून ते वाढत नाहीत. म्हणून अर्ज रुजू होण्याआधीच द्या, ईमेलने द्या आणि निर्णय हातात येईपर्यंत सध्याच्या नोकरीचा राजीनामा देऊ नका. बिनपगारी रजेचा पर्याय पुढे आला तर सही करण्याआधी इमिग्रेशन वकिलाला दाखवा.