मदत हवी आहे: पायलट गाईड आणि सेलिंग मासिकांवर किती भरवसा ठेवायचा?

उत्तरवारा

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलाय, सांभाळून घ्या.

मी आणि बायको छत्तीस फुटी शिडाच्या बोटीवर किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडतो. बोटीचा ड्राफ्ट, म्हणजे पाण्याखाली जाणारा भाग, १.९ मीटर. पुढच्या हंगामात पहिल्यांदाच दोन महिन्यांची फेरी करायचा बेत आहे. त्यासाठी पायलट गाईडं (किनाऱ्यावरच्या खाड्या-बंदरांची माहिती देणारी पुस्तकं) आणि मासिकांतले लेख वाचायला घेतले, पण जितकं वाचतोय तितका गोंधळ वाढतोय.

निमित्त गेल्या हंगामातलं. एका छोट्या खाडीबद्दल गाईडमध्ये लिहिलं होतं की तळ चिखलाचा, नांगर उत्तम धरतो, खोली ४ ते ५ मीटर, पश्चिमेचा वारा सोडला तर सगळीकडून आडोसा. एका मासिकातल्या प्रवासलेखातही त्याच खाडीचं कौतुक, जवळजवळ त्याच शब्दांत. दोन ठिकाणी वाचलं म्हणून निर्धास्त गेलो. पोचलो तर तळाशी गवत, निम्मी खाडी बोटी बांधायच्या कायमच्या तरंगत्या बोयांनी अडवलेली आणि उरलेल्या जागेत खोलीच्या पाचपट साखळी सोडली तर बोट फिरायला वाव नाही. कशीबशी तिप्पट सोडून झोपलो. रात्री अडीचला डोंगरावरून वाऱ्याचे झोत कोसळायला लागले आणि नांगर घसरला. जाग आली तेव्हा खडक वीसेक मीटरवर होते. इंजिन पहिल्या फटक्यात लागलं म्हणून हा धागा काढायला मी शिल्लक आहे.

तर अनुभवी लोक गाईडमधलं काय मानतात, काय सोडून देतात? मासिकांवर विसंबावं का? नांगरही बदलायचाय, पण दोन मासिकांच्या चाचण्यांत पहिले आलेले नांगर वेगवेगळे आहेत. आणि प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर 'नौकानयनासाठी यावर विसंबू नये' असं छापलेलं असतं. मग विसंबायचं कशावर?

जुना तांडेल

पहिलं म्हणजे दोघंही सुखरूप आहात हे उत्तम. तिप्पट साखळीवर, अनोळखी खाडीत, नांगराचा अलार्म (नांगर घसरला की वाजणारा) न लावता झोपलात यात गाईडचा दोष नाही, हे स्पष्टच लिहितो. राग मानू नका.

आता मुद्दा. गाईडमधलं प्रत्येक वाक्य सारख्या वयाचं नसतं. डोंगर, खाडीचा आकार, कुठल्या दिशेने लाट आत शिरते, हे तीस वर्षं जुन्या पुस्तकातलंही चालतं. वाळूचा दांडा, बोये, जेट्टी, परवानग्या, रेडिओ चॅनेल हे छापून होईपर्यंत शिळं झालेलं असतं. नदीच्या मुखाशी तर एका वादळात वाट बदलते. म्हणून मी गाईड वाचताना पेन्सिल घेऊन बसतो आणि हलणाऱ्या गोष्टींखाली रेघ मारतो. रेघ मारलेलं सगळं तिथे पोचल्यावर नव्याने तपासायचं. आणि 'आडोसा आहे' म्हणजे लाटेपासून की वाऱ्यापासून, ते वेगवेगळं बघा. उंच डोंगराच्या पायथ्याशी लाट नसते, पण झोत असतात. तुम्हाला नेमके तेच भेटले.

नकाशेबाज

'दोन ठिकाणी वाचलं' हा सगळ्यात मोठा सापळा आहे. दोघांनी वेगवेगळं पाहिलं, की एकाने दुसऱ्याचं वाचून लिहिलं? जवळजवळ तेच शब्द म्हणताय, म्हणजे उत्तर तुम्हीच दिलंत.

हे फक्त मासिकांत होतं असंही नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यू कॅलेडोनियाच्या मधे सँडी आयलंड नावाचं बेट होतं, म्हणजे चार्टवर, समुद्राच्या नकाशावर होतं. १८७६ मध्ये एका व्हेलशिकारी जहाजाने नोंदवलेलं, पुढे एका चार्टवरून दुसऱ्यावर उतरत राहिलेलं. थेट डिजिटल नकाशांपर्यंत पोचलं. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियन संशोधन जहाज त्या जागी गेलं तर बेट नाहीच, हजार मीटरहून जास्त खोल पाणी!

आणि चार्ट प्लॉटरवर (बोटीची जागा नकाशावर दाखवणाऱ्या पडद्यावर) बोटीचं चित्र अगदी नेमकं दिसतं म्हणून खडकही नेमका तिथेच असेल असं समजू नका. इलेक्ट्रॉनिक चार्टवर सर्वेक्षणाचा दर्जा दिलेला असतो, त्याला कॅटझॉक म्हणतात. ए१ म्हणजे जागेतली चूक ५ मीटरच्या आत, बी म्हणजे ५० मीटर, सी म्हणजे ५०० मीटर. डी त्याहून वाईट. खाडीचं तोंड दोनशे मीटर आणि दर्जा सी असेल, तर काय ते तुम्हीच बघा.

मीठपाणी

नकाशेबाज, झूमचंही सांगा ना. २९ नोव्हेंबर २०१४ ला व्होल्वो ओशन रेस या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीतली टीम व्हेस्टास विंडची बोट हिंदी महासागरात कार्गादोस काराजोसच्या प्रवाळरांगेवर चढली. व्यावसायिक खलाशी, उत्तम उपकरणं, आणि चार्टवर ती रांग होतीही. फक्त ज्या झूमवर ते बघत होते त्यावर ती धोक्याची दिसत नव्हती. सुदैवाने कोणी दगावलं नाही. तेव्हापासून मी ठरवलेल्या मार्गावर पूर्ण झूम करून बोट फिरवते, इंच इंच. कंटाळवाणं काम आहे, नवरा हसतो, हसू दे.

मासिकांबद्दल माझं मत जरा कडू आहे. नव्या बोटीचं परीक्षण म्हणजे बहुतेकदा एक दिवस, मध्यम वारा, सपाट पाणी, रिकाम्या टाक्या आणि शेजारी विक्रेत्याचा माणूस. त्यात खोटं काही नसतं, पण तीन आठवडे त्या बोटीवर राहून काय होईल हे त्यातून कळत नाही. शिवाय परीक्षणाच्या समोरच्या पानावर त्याच बोटीची जाहिरात असते. प्रॅक्टिकल सेलरसारखं जाहिराती न घेणारं प्रकाशनही आहे, ते वाचताना फरक जाणवतो.

नांगराच्या चाचण्यांत दोन विजेते निघाले यात नवल नाही. घट्ट वाळूत जिंकलेला नांगर मऊ चिखलात मार खाऊ शकतो. निकालाच्या तक्त्याआधी तळ कसला होता, साखळी किती पट सोडली आणि ओढ एकाच दिशेने होती की दिशा बदलली, एवढं वाचा. दिशा बदलल्यावर नांगर पुन्हा रुततो का, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. गवतात तर जवळजवळ सगळेच रडतात, तिथे नांगर बदलण्यापेक्षा जागा बदललेली बरी.

ओहोटी

मी थोडी गाईडवाल्यांची बाजू घेतो. जेम्स हॉर्सबर्ग १७८६ मध्ये एका जहाजावर अधिकारी होता, ते जहाज चुकीच्या चार्टमुळे हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटावर फुटलं. मग त्याने अनेक वर्षं निरीक्षणं आणि नोंदी जमवल्या आणि त्यातून पूर्वेच्या समुद्रांची मार्गदर्शिका तयार झाली. पुढे तो ईस्ट इंडिया कंपनीचा हायड्रोग्राफर, म्हणजे समुद्री नकाशांचा अधिकारी झाला. गाईडं अशीच बनतात, कोणीतरी आपटलेलं असतं म्हणून. आजही छोट्या खाड्यांच्या गाईडचा लेखक बहुधा एकटा माणूस असतो, स्वतःच्या बोटीतून खोली मोजत फिरणारा. चांगले प्रकाशक आपल्या साईटवर दुरुस्त्या फुकट देतात. त्या उतरवून घेतल्या होत्यात का?

ॲपवरच्या ताज्या शेऱ्यांचं सगळ्यांना कौतुक आहे, पण 'छान जागा, शांत झोप लागली' हे कोणत्या वाऱ्यात ते कोणी लिहीत नाही. वाईट रात्र गेलेला माणूस सकाळी शेरा लिहायला थांबत नाही, निघून जातो.

जुना तांडेल

ओहोटी, शंभर टक्के. बातम्यांचंही तेच. २०२० पासून जिब्राल्टरच्या आसपास ऑर्का (किलर व्हेल) बोटींची सुकाणं मोडतायत. पेपरांत 'सूड' असे मथळे आले. अभ्यासकांचा कल मात्र हा खेळाचा प्रकार असावा याकडे आहे. त्या भागात जाणाऱ्याला सूडकथेचा उपयोग शून्य. गाठ कुठे आणि कोणत्या महिन्यात पडते, ते हवं असतं.

अपघाताबद्दल वाचायचं असेल तर लेखाऐवजी चौकशी अहवाल वाचा. ब्रिटनच्या एमएआयबी या सागरी अपघातांची चौकशी करणाऱ्या सरकारी शाखेचे अहवाल कोणालाही फुकट वाचता येतात. २०१४ मध्ये अटलांटिकमध्ये चीकी रफिकी या शिडाच्या बोटीची कील (तळाखालचा जड पंखा) सुटली आणि चौघे गेले, त्याचा अहवाल प्रत्येक बोटमालकाने एकदा तरी वाचावा. आधी तळ घासलेला असेल तर कीलच्या जोडाकडे किती बारकाईने बघावं लागतं, ते कळतं.

उत्तरवारा, एक विचारायचं राहिलं. त्या गाईडची प्रस्तावना वाचलीत का?

उत्तरवारा

तांडेल, राग कसला. अलार्म लावला नव्हता, खरंय.

प्रस्तावना काल रात्री पहिल्यांदा वाचली. आवृत्ती चार वर्षांपूर्वीची, पण त्या किनाऱ्याची पाहणी त्याआधीच्या पाच उन्हाळ्यांतली. लेखकाच्या बोटीचा ड्राफ्ट १.२ मीटर. म्हणजे तो आतल्या टोकाला, जिथे खरंच चिखल आहे तिथे, नांगर टाकत होता. माझी बोट तिथे पोचूच शकत नाही. आणि मी गेलो ऑक्टोबरात, उन्हाळा सरल्यावर. पुस्तकात खोटं काहीच नव्हतं. ओहोटी, दुरुस्त्यांचं पानही उघडलं, त्यात बोयांचा उल्लेख आहे, दोन वर्षांपूर्वीचा. दहा मिनिटांचं काम होतं.

मासिकातला लेख पुन्हा वाचला. लेखक तिथे जेवायला थांबला होता, मुक्कामाला नाही.

गवत आणि झोतांबद्दल प्रकाशकाला मेल करायला घेतलाय. तारीख, वाऱ्याची दिशा, नांगर टाकल्याची जागा आणि साखळी किती पट होती ते लिहिलं. आणखी काय लिहू?

मीठपाणी

बोटीचा ड्राफ्ट लिहिलात का?

उत्तरवारा

नाही! लिहितो.