ऑक्सिजन सेन्सर बदलूनही मिक्स्चर रिचच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) राहते

प्रश्नकर्ता, सातारा
नमस्कार. माझ्याकडे २००५ सालची चार सिलिंडरची एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेली) पेट्रोल गाडी आहे. सकाळी ती पहिल्याच सेल्फला सुरू होते, परंतु तापल्यानंतरही सायलेन्सरला पेट्रोलचा वास येत राहतो, चारही प्लग कोरड्या काजळीने काळे पडतात आणि ॲव्हरेज बरेच उतरले आहे. ऑक्सिजन सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) आणि एअर फिल्टर नवे बसवूनही फरक पडला नाही. आता गॅरेजवाले ईसीएम (इंजिनचा कंट्रोल कॉम्प्युटर) बदलण्यास सांगत आहेत, आणि तो खर्च या गाडीवर करावासा वाटत नाही. कराडकडे हायवेने जाताना टेम्परेचरचा काटा खाली येतो व गावात शिरल्यावर थोडा चढतो, याचा काही संबंध असेल का?

उत्तर, मिरज
माझ्या मते तपासाची सुरुवात त्या काट्यापासूनच करावी. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारे पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकला असेल, किंवा इंजिन गरम होऊ नये म्हणून कोणी तो काढूनच टाकला असेल (हा उद्योग आपल्याकडे सर्रास चालतो), तर हायवेच्या वाऱ्याने इंजिन पुरेसे तापत नाही आणि ते अजून थंडच आहे असे समजून ईसीएम जादा पेट्रोल देत राहतो. थंड इंजिन सुरू करून, पंख्यापासून हात दूर ठेवून, रेडिएटरचा वरचा होज चाचपून पाहावा. थर्मोस्टॅट ठीक असेल तर होज बराच वेळ गार राहतो आणि मग एकदम तापतो. सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेला, तर दोष तिथेच आहे.

काट्याचा सेन्सर आणि ईसीएमचा टेम्परेचर सेन्सर बहुधा वेगवेगळे असतात. ईसीएमच्या दोन वायरींच्या सेन्सरचा कनेक्टर इग्निशन बंद ठेवून काढावा व मल्टिमीटरने रेझिस्टन्स मोजावा. तो साधारण २० अंशांना दोन ते तीन हजार ओहम आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास यायला हवा. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर असल्यास आधी तो साफ करावा.

उत्तर, कराड
वरील मताशी सहमत आहे. मात्र नव्या ऑक्सिजन सेन्सरचे व्होल्टेजही पाहावे. इंजिन तापल्यावर ते ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत वरखाली व्हायला हवे. प्लग काळे असूनही ते ०.१–०.२ वरच थांबले असेल, तर सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डची गॅस्केट फुटून बाहेरची हवा आत येत असण्याची शक्यता आहे. ती हवा पाहून ईसीएम मिक्स्चर लीन (पेट्रोल कमी) समजतो आणि पेट्रोल आणखी वाढवतो. उलट ते ०.८ च्या वर अडकले असेल, तर पेट्रोल खरोखरच जास्त जात आहे. अशा वेळी इंजिन बंद व गार असताना फ्युएल प्रेशर रेग्युलेटरचा (पेट्रोलचा दाब योग्य राखणाऱ्या भागाचा) व्हॅक्यूम पाइप काढून पाहावा. आतून तो पेट्रोलने ओला असेल, तर त्यातला डायफ्राम (पडदा) फाटला आहे. एवढे तपासल्याशिवाय ईसीएमला हात लावू देऊ नये.

प्रश्नकर्ता, सातारा
होज सुरुवातीपासूनच कोमट होत गेला. हाउसिंग उघडले, तर आत थर्मोस्टॅटच नव्हता. नवा बसवल्यावर हायवेलाही काटा मध्यावर स्थिर राहतो आणि सेन्सरचे व्होल्टेज वरखाली होऊ लागले आहे. काळे झालेले प्लग साफ करून चालतील की नवेच घ्यावेत?

उत्तर, मिरज
इलेक्ट्रोड झिजले नसतील तर साफ करून गॅप तपासावा आणि तेच वापरावेत. आठवडाभर गाडी चालवून पुन्हा काढून पाहा; टोकाला फिकट तपकिरी रंग आला, तर मिक्स्चर जागेवर आले असे समजावे.